एकोणीस वर्षं गोदीवर : हर्मन मेलव्हिल

गोदीवाला

नमस्कार मंडळी.

मी मुंबई कस्टम्समध्ये एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त गोदीवर. जहाज धक्क्याला लागलं की शिडी चढून वर जायचं, कप्तानाच्या केबिनमध्ये बसून कागद बघायचे, मॅनिफेस्टमध्ये लिहिलेला माल आणि होल्डमधला माल जुळतो का ते पाहायचं, सील लावायचं, रिपोर्ट लिहायचा. गेल्या वर्षी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी भाचीने एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाली, "मामा, हा लेखक तुमच्याच खात्यातला." पुस्तक होतं 'मोबी डिक', एका पांढऱ्या देवमाशामागे लागलेल्या जहाजाची कादंबरी. लेखक हर्मन मेलव्हिल.

पुस्तक संपवायला चार महिने लागले. मग त्या माणसाच्या आयुष्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. थोडक्यात सांगतो.

जन्म १ ऑगस्ट १८१९, न्यूयॉर्क. वडील फ्रान्सहून उंची माल आणून विकायचे. धंदा बुडाला आणि १८३२ मध्ये कर्ज मागे ठेवून ते वारले. हर्मन बारा वर्षांचा. शाळा सुटली आणि आल्बनीच्या एका बँकेत वर्षाला १५० डॉलरवर कारकुनी सुरू झाली. पुढे भावाच्या दुकानात काम, मास्तरकी. एकविसाव्या वर्षी, जानेवारी १८४१ मध्ये, देवमासे मारणाऱ्या 'अकुश्नेट' जहाजावर खलाशी म्हणून चढला. जवळजवळ चार वर्षांनी परत आला तो गोष्टी घेऊनच. १८४६ ते १८५७ या अकरा वर्षांत दहा पुस्तकं. पहिली दोन गाजली, पुढची हळूहळू पडत गेली. 'मोबी डिक' १८५१ मध्ये आलं तेव्हा त्याचं वय बत्तीस. कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. १८५७ नंतर हयात असेपर्यंत त्याची एकही कादंबरी छापली गेली नाही.

आणि डिसेंबर १८६६ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस न्यूयॉर्क बंदरात कस्टम्सचा इन्स्पेक्टर झाला. रोजचे चार डॉलर, आठवड्याचे सहा दिवस. ३१ डिसेंबर १८८५ पर्यंत तेच काम. एकोणीस वर्षं.

माझा प्रश्न एवढाच आहे : ती एकोणीस वर्षं वाया गेली का? त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण हळहळतात, की एवढा मोठा लेखक धक्क्यावर पिंपं मोजत बसला. मला तसं वाटत नाही. उलट त्या नोकरीनेच त्याला जगवलं असं वाटतं. पण मी त्या खात्यातला, म्हणून माझं मन तिकडे झुकत असेल. तुम्हाला काय वाटतं?

साधा_वाचक

उत्तम धागा. वाचतोय.

पेठेतला

गोदीवाला, लिहिलंय छान, पण असहमत. बत्तीस वर्षांचा असताना जो 'मोबी डिक' लिहितो त्याला पुढची चाळीस वर्षं निवांत लिहायला मिळाली असती तर काय काय झालं असतं, हा विचार केला की पोटात तुटतं. नोकरी करून लिहिणारे खूप आहेत, मान्य. पण इथे नोकरी लागली ती लेखन बंद पडल्यावर. ती बंदी कुणी घातली? वाचकांनी आणि समीक्षकांनी. १८५२ मध्ये त्याची 'पिएर' ही कादंबरी आली तेव्हा न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने मथळाच दिला होता की हर्मन मेलव्हिलला वेड लागलंय. असल्या मथळ्यानंतर कोण कसं लिहील?

आकडेमोड

पेठेतला, वेडाचं सोडा, पैशाचं बघा.

'मोबी डिक' अमेरिका आणि इंग्लंड मिळून त्याच्या हयातीत सुमारे ३,७०० प्रती खपलं. दोन्हीकडून त्याला मिळाले साधारण १,२६० डॉलर. अठरा महिन्यांच्या जिवापाड मेहनतीचे, आणि तेही आयुष्यभरात मिळून. १८५३ च्या डिसेंबरमध्ये प्रकाशकाच्या इमारतीला आग लागली, त्यात या पुस्तकाच्या उरलेल्या तीनशेच्या आसपास प्रती जळाल्या.

आता कस्टम्सचा पगार. रोज चार डॉलर, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे वर्षाचे साधारण ३१३ दिवस. गुणाकार करा : १,२५२ डॉलर.

म्हणजे 'मोबी डिक'ने त्याला जन्मभरात जे दिलं, तेवढं कस्टम्सने एका वर्षात दिलं. आणि असं एकोणीस वेळा दिलं. माझं मत गोदीवाल्यांना.

प्राजक्त

आकडेमोड, तुमचा गुणाकार वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

त्याचा मित्र, लेखक नॅथॅनियल हॉथॉर्न, याला १८५१ च्या जूनमध्ये लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच हे सांगतो : डॉलर माझ्या मानगुटीवर बसलेत, जे लिहावंसं वाटतं ते खपत नाही, आणि खपेल तसं लिहायला हात वळत नाही. शब्द माझे, आशय त्याचा. 'मोबी डिक' तेव्हा जवळजवळ पूर्ण होत आलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या बेर्कशायर भागातलं त्याचं शेतघर सासऱ्यांच्या उसन्या पैशांवर घेतलेलं. सासरे लेम्युएल शॉ, मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश. जावयाचे प्रवास, पुस्तकं, संसार, सगळ्याला त्यांचा टेकू होता.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे, मूळ गाव रत्नागिरीजवळ. सध्या सुट्टीवर. हा धागा माझ्याचसाठी निघालाय असं वाटलं.

पैशाचं निघालंच आहे तर जहाजावरचा हिशेब सांगतो. देवमाशांच्या जहाजांवर पगार नसायचा, वाटा असायचा. सफर संपल्यावर तेलाची विक्री होणार आणि त्यातला तुमचा हिस्सा तुम्हाला मिळणार. मेलव्हिलचा हिस्सा ठरला होता १/१७५. आमच्याकडे मचव्यावर अजून वाट्याचीच पद्धत आहे. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, मग खलाशांचा. त्यामुळे १/१७५ म्हणजे काय ते आमच्या वाडीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. तीन-चार वर्षं समुद्रावर, आणि मासा मिळाला नाही तर वाटाही नाही.

दीड वर्षात तो कंटाळला. जुलै १८४२ मध्ये मार्केसस बेटांपैकी नुकु हिवाला जहाज थांबलं, तिथे टोबी नावाच्या मित्राबरोबर पळाला. डोंगर ओलांडून ज्या खोऱ्यात उतरले ते टायपी लोकांचं, ज्यांची नरभक्षक म्हणून ख्याती होती. साधारण महिनाभर तिथे राहिला. मग एका ऑस्ट्रेलियन जहाजावर चढला. त्यावरच्या लोकांनी काम नाकारलं, तो त्यांच्यात सामील झाला, ताहितीत कैदेत पडला. तिथून निसटून तिसरं जहाज. मग हवाई. होनोलुलूत बोलिंगच्या अड्ड्यावर पडलेल्या पिना उभ्या करण्याचं काम केलं. शेवटी अमेरिकन नौदलाच्या 'युनायटेड स्टेट्स' या युद्धनौकेवर भरती होऊन ऑक्टोबर १८४४ मध्ये बॉस्टनला उतरला.

त्या युद्धनौकेवर चाबकाची शिक्षा चालायची आणि सगळ्या खलाशांना उभं राहून ती बघावी लागायची. तो असताना १६३ वेळा चाबूक चालला. तो राग 'व्हाइट-जॅकेट'मध्ये उतरलाय. पुस्तक १८५० मध्ये आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकन नौदलात चाबकाची शिक्षा बंद झाली.

साधा_वाचक

टोबीचं पुढे काय झालं?

दर्यावर्दी

टोबी मदत आणायला म्हणून खोऱ्यातून बाहेर पडला तो परतलाच नाही. मेलव्हिलला वाटलं, मेला. त्या खोऱ्यातल्या दिवसांवरचं त्याचं पहिलं पुस्तक 'टायपी' छापून आल्यावर लोक म्हणू लागले की हा सगळा बनाव आहे, साधा खलाशी इतकं चांगलं लिहूच शकत नाही. आणि १८४६ च्या उन्हाळ्यात बफेलोच्या एका वर्तमानपत्रात खुद्द टोबीचं पत्र आलं : मी जिवंत आहे, पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे. तो तेव्हा तिथे पाट्या रंगवायचा धंदा करत होता. दोघांची भेट झाली आणि मेलव्हिलने पुढच्या आवृत्तीला टोबीची हकीकत जोडली.

पेठेतला

ही हकीकत माहीत नव्हती. अंगावर काटा आला.

अर्धविराम

मी भाषांतरं करते, म्हणून थोडं वेगळं. 'मोबी डिक'चं पहिलं वाक्य इंग्रजीत तीन शब्दांचं आहे. मराठीत आणायला गेलं की पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं. इश्माएल म्हणजे गोष्ट सांगणारा खलाशी. "मला इश्माएल म्हणा" की "मला इश्माएल म्हण"? वाचक एक आहे की अनेक? परका आहे की मित्र? इंग्रजीला हा निर्णय घ्यावाच लागत नाही, मराठीत पहिल्या ओळीतच घ्यावा लागतो. आणि "माझं नाव इश्माएल" असं केलं तर सगळं गेलं, कारण ते त्याचं खरं नाव आहे असं तो कुठे म्हणतोय?

प्राजक्त

अर्धविराम, "म्हणा"च. रात्री धक्क्यावरच्या खाणावळीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतोय, असं मला ते नेहमी ऐकू येतं. अनोळखी माणसाला आपण "म्हण" म्हणत नाही.

दर्यावर्दी

खलाशी खलाशाला सांगत असेल तर "म्हण". "इश्माएल म्हण मला." जहाजावर पहिल्या दिवसानंतर अहोजाहो उरत नाही.

अर्धविराम

बघा, दोन प्रतिसादांत दोन वेगळी पुस्तकं तयार झाली :)

आणि मग तो बार्टलबी. १८५३ ची कथा. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाकडे कागदपत्रांच्या नकला करणारा कारकून. एक दिवस काम सांगितलं तर शांतपणे म्हणतो की मी ते न करणं पसंत करीन. मराठीत हे "पसंत करीन" कुणी बोलत नाही. "नको" म्हटलं तर लहान मूल वाटतं. "करणार नाही" म्हटलं तर भांडण. "जमणार नाही" म्हटलं तर सबब. त्याचं बोलणं यातलं काहीच नाही. माझ्या वहीत सात-आठ पर्याय खोडलेले आहेत.

साधा_वाचक

"राहू द्या."

अर्धविराम

साधा_वाचक, हे फार जवळ गेलं. "राहू द्या, नाही करत." वहीत लिहून ठेवते. मनापासून आभार.

घारापुरीची_वाट

माझं घर उरणला, मोरा बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. समोर घारापुरी दिसते. तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलंय माहीत नाही, पण 'मोबी डिक'मध्ये आमची घारापुरी आहे. पंचावन्नाव्या प्रकरणात. देवमाशाची जगातली सगळ्यांत जुनी प्रतिमा एलिफंटाच्या लेण्यात कोरलेली आहे, विष्णूचा मत्स्यावतार, असं तो ठासून सांगतो. मग चित्रकारावर टीका करतो की शेपूट चुकलं, ते देवमाशाचं न वाटता सापाचं वाटतं!

हे वाचून मी लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेल्या लेण्यात पुन्हा गेलो. मुख्य लेण्यात मत्स्यावतार नाही. ती शिवाची लेणी. समोर महेशमूर्ती, बाजूला अर्धनारीश्वर आणि गंगावतरण, मग अंधकासुराचा वध, कैलास हलवणारा रावण, दाराशी नटराज. मासा कुठेच नाही. मेलव्हिल भारतात कधी आला नाही, पुस्तकांतून जे हाती लागलं ते घेतलं आणि आमच्या बेटावर नेऊन ठेवलं.

पण मला राग आला नाही. न्यूयॉर्कच्या माणसाने १८५१ मध्ये जगातले सगळे देवमासे गोळा करायचे ठरवले, तेव्हा मोऱ्याच्या समोरचं बेट त्याला आठवलं. लेण्यातून परत लाँचमध्ये बसलो तेव्हा पाण्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होतो.

प्राजक्त

घारापुरीची_वाट, सुंदर प्रतिसाद. मत्स्यावताराबद्दल थोडी भर. देवमासा हा मासा की नाही यावर त्याने पुस्तकात मोठा वाद घातलाय. शास्त्रज्ञ नाही म्हणतात हे माहीत असूनही तो म्हणतो, मासाच : पाणी उडवणारा, आडव्या शेपटीचा मासा. मराठीने हा वाद कधीच निकालात काढलाय. आपण त्याला देवमासा म्हणतो, देवही आणि मासाही.

पेठेतला

वाद मासा आहे की नाही याचा नाही, पुस्तकात तो येतो कधी याचा आहे. १३५ प्रकरणं. ज्या पांढऱ्या देवमाशासाठी सगळे निघाले तो प्रत्यक्ष दिसतो १३३व्या प्रकरणात. मधली देवमाशांच्या जातींची, कातडीची, दोरखंडाची प्रकरणं मी सरळ उलटली. वाचकांनी त्या काळी पाठ फिरवली यात त्यांचाही दोष नाही.

दर्यावर्दी

पेठेतला, तीच प्रकरणं आमची! दोरखंडावर अख्खं प्रकरण लिहिणारा दुसरा लेखक मला दाखवा. हार्पून लागल्यावर देवमासा पळतो आणि टबात गुंडाळलेला दोर सुसाट सुटतो. सगळ्या वल्हेकऱ्यांच्या अंगाखांद्यावरून तो जात असतो. एखादा वेढा मनगटात अडकला की माणूस संपला. मी स्वतः मुअरिंगचा, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा, दोर तुटताना पाहिलाय. स्टर्नला, जहाजाच्या मागच्या टोकाला, उभा होतो, आवाज आला बंदुकीसारखा आणि समोरच्या रेलिंगला पोक पडला. तिथे माझा सारंग दोन मिनिटं आधी उभा होता. त्या रात्री हे प्रकरण पुन्हा वाचलं. हे ज्याने लिहिलंय तो त्या होडीत बसलेला आहे, हे कळायला समीक्षक लागत नाही.

आणि चरबी कढवायची भट्टी. लाकडी जहाजाच्या डेकवर विटांची चूल, त्यावर दोन मोठ्या कढया, इंधन म्हणून तेल निघालेल्या चरबीचेच करपलेले तुकडे. रात्रभर धूर आणि ज्वाळा. लाकडी जहाजावर आग म्हणजे काय, हे जहाजावरच्या माणसाला विचारा.

बॉस्टनकर

इथल्या मराठी मंडळात मी हा धागा वाचून दाखवला, म्हणून आता लिहायलाच हवं.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये बावीस वर्षं आहे. पिट्सफील्डचं ॲरोहेड, म्हणजे मेलव्हिलचं शेतघर, आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर त्याची लिहायची खोली. टेबल उत्तरेच्या खिडकीसमोर, आणि खिडकीतून ग्रेलॉक डोंगर दिसतो. मी गेले ते फेब्रुवारीत. डोंगरावर बर्फ, आणि खरोखर पाठ वर काढलेला पांढरा देवमासा वाटतो. गाईड काही बोलायच्या आधीच माझा मुलगा म्हणाला, "आई, व्हेल."

तिथून जवळच मॉन्युमेंट माउंटनवर ५ ऑगस्ट १८५० ला सहलीत त्याची आणि हॉथॉर्नची पहिली भेट झाली. पुढच्या वर्षी 'मोबी डिक' त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केलं. गोदीवाला, तुमच्यासाठी एक गोष्ट : हॉथॉर्नसुद्धा कस्टम्सवाला. सेलमच्या कस्टम हाउसमध्ये १८४६ ते १८४९ सर्व्हेअर होता.

दर्यावर्दी, तुम्ही कधी कनेटिकटला आलात तर मिस्टिकला नक्की जा. 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे १८४१ चं जहाज तिथे उभं आहे. लाकडी व्हेलजहाजांपैकी जगात उरलेलं एकमेव. मी खलाशांच्या पुढच्या खोलीत उतरले. माझी उंची पाच फूट एक इंच, तरी वाकावं लागलं. भिंतीला लागून दोन-दोन मजली फळ्या, हीच झोपायची जागा. एका फळीवर हात ठेवला तर कडा झिजून गुळगुळीत झाली होती.

दर्यावर्दी

बॉस्टनकर ताई, "कडा झिजून गुळगुळीत" वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. येणार, नक्की येणार.

साधा_वाचक

अवांतर : स्टारबक्स कॉफीचं नाव याच पुस्तकातल्या पहिल्या मेटवरून, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यावरून ना?

बॉस्टनकर

हो, त्याच स्टारबकवरून. बिचारा पुस्तकभर कप्तानाला घरी परत चला म्हणून विनवतो.

घारापुरीची_वाट

अवांतर चाललंय तर माझंही. कोकणातल्या पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी बातमी असते : व्हेलची उलटी विकताना अमुक जण पकडले, किंमत इतके कोटी. मेलव्हिलने अंबरग्रिसवर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. उलटी नव्हे, आजारी देवमाशाच्या आतड्यातून निघते असं तो स्पष्ट सांगतो. उंची स्त्री-पुरुष ज्याचं अत्तर लावतात ते कुठून आलं हे त्यांना कळलं तर काय वाटेल, असंही विचारतो.

गोदीवाला

घारापुरीची_वाट, आमच्या लोकांना हे प्रकरण प्रशिक्षणात वाचायला द्यायला हवं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो माल बाळगणंच गुन्हा आहे, हे तरुण पोरांना माहीत नसतं आणि आयुष्याचं वाटोळं होतं.

तुम्ही घारापुरी सांगितलीत, मी मुंबई सांगतो. 'रेडबर्न' ही त्याची १८४९ ची कादंबरी. १८३९ मध्ये तो लिव्हरपूलला गेला होता त्यावर आधारलेली. तिथल्या गोदीत मुंबईहून कापूस घेऊन आलेलं एक जहाज लागलेलं असतं, सागवानी लाकडाचं. त्यावर चाळीस-पन्नास लष्कर, म्हणजे आपले हिंदी खलाशी. तो पोरगा त्यांच्यातल्या एकाशी गप्पा मारत बसतो. ते खलाशी कुठले असतील? त्या काळी मुंबईच्या जहाजांवर कोकणपट्टीतले लोक भरपूर असायचे. दर्यावर्दी, तुमच्या वाडीतला कुणी असेल का, असं मनात आलं.

दर्यावर्दी

गोदीवाला काका, आजोबांचे आजोबा मुंबईच्या जहाजांवर होते एवढंच घरात सांगतात. पुढचं विचारायला आता कुणी उरलं नाही. पण तुम्ही हे लिहिल्यापासून तोच विचार चाललाय. सागवानाचं म्हणाल तर मुंबईत वाडिया मंडळींनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही १८१७ ची युद्धनौका अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. मी बघितलीय.

पेठेतला

वाडियांवरून आठवलं. 'मोबी डिक'मधला फेदल्ला पारशी आहे, आणि तो कसा रंगवलाय? सैतानाचा हस्तक. अंधारात लपून आलेला, कप्तानाला नादी लावणारा. मुंबई-पुण्यात पारशांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे खटकतं. माझे डॉक्टर पारशी होते, अर्ध्या फीत तपासायचे. मेलव्हिलने पारशी माणूस पाहिला नव्हता हे पानापानावर कळतं.

प्राजक्त

पेठेतला, पूर्ण सहमत, आणि हे बोलायलाच हवं होतं. याच माणसाने क्वीक्वेगसारखा माणूस लिहिला. गोंदवलेला, बिगरख्रिस्ती, आणि सगळ्या जहाजावर सगळ्यांत भला. तो असे लोक ओळखत होता, त्यांच्यात राहिला होता. जिथे ओळख होती तिथे माणूस आला, नव्हती तिथे भूत आलं.

आता मला मूळ प्रश्नाकडे यायचंय, कारण इतक्या प्रतिसादांत एक व्यक्ती आलीच नाही. एलिझाबेथ. लिझी.

४ ऑगस्ट १८४७ ला लग्न झालं. चार मुलं. ती आणि मेलव्हिलच्या बहिणी त्याच्या वाचता न येणाऱ्या अक्षरातल्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करायच्या. त्याचा राग, त्याचं दारू पिणं, त्याचे गप्प बसण्याचे महिने, हे सगळं तिने सोसलं. १८६७ च्या मे महिन्यात, म्हणजे नोकरी लागून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, तिचा सावत्र भाऊ त्यांच्या पाद्रीशी पत्रव्यवहार करत होता की हिला नवऱ्याच्या घरातून कसं बाहेर काढायचं. अपहरणाचं नाटक करून बॉस्टनला आणायचा बेतसुद्धा त्या पत्रव्यवहारात आहे. ती गेली नाही. सप्टेंबरमध्ये मोठा मुलगा माल्कम, अठरा वर्षांचा, आपल्या खोलीत पिस्तुलाच्या गोळीने मेलेला सापडला. धाकटा स्टॅनविक्स १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वारला.

तेव्हा "नोकरीने त्याला जगवलं का" याच्या जोडीला मी विचारते, नोकरीने त्या घराला जगवलं का? मला वाटतं, थोडंफार हो. रोज सकाळी तो बाहेर पडत होता, ठरलेले पैसे येत होते, सासऱ्यांच्या घराकडे हात पसरावा लागत नव्हता. पण मुलगा गेला तो त्याच काळात. मला यात कुणाचा विजय दिसत नाही.

अर्धविराम

प्राजक्त, हे लिहिल्याबद्दल आभार. लिझीला पुढे वारशाने पैसे मिळाले तेव्हा तिने त्याला पुस्तकं आणि चित्रं घ्यायला महिन्याला २५ डॉलर वेगळे द्यायला सुरुवात केली. ज्या बाईला पळवून न्यायचे बेत झाले होते तिने हे केलं. त्यामुळेच तो निवृत्त होऊ शकला.

पेठेतला

मी माझं मत थोडं बदलतोय. पण एक शंका. गोदीवर असताना त्याने लिहिलं की नाही? नसेल तर मी पुन्हा माझ्या जागी.

अर्धविराम

लिहिलं, पेठेतला, भरपूर लिहिलं. कविता. 'क्लॅरेल' हे जवळजवळ १८,००० ओळींचं काव्य, जेरुसलेमच्या यात्रेवर. दिवसभर धक्क्यावर आणि रात्री हे, कितीतरी वर्षं. १८७६ मध्ये मामाने दिलेल्या १,२०० डॉलरमधून छापलं. खपलं नाही, उरलेल्या प्रती लगद्यात गेल्या. शेवटचे दोन कवितासंग्रह त्याने प्रत्येकी फक्त २५ प्रती छापून ओळखीच्यांना वाटले.

आणि निवृत्तीनंतर 'बिली बड' ही छोटी कादंबरी. पाच वर्षं खोडत, जोडत, पेन्सिलीने बदलत. शेवटच्या पानावर तारीख आहे : १९ एप्रिल १८९१. २८ सप्टेंबरला तो गेला. लिझीने ते कागद पत्र्याच्या पेटीत ठेवले. १९१९ मध्ये रेमंड वीव्हर नावाच्या अभ्यासकाला नातीकडून ते मिळाले, १९२४ मध्ये छापले गेले. त्यातला बिली समुद्रावर, मेलव्हिल सत्तरीत, आणि तरी खलाशाचं एकेक हाड खरं.

पेठेतला

मग मी गोदीवाल्यांच्या बाजूला येऊन बसतो.

आकडेमोड

नोंद घेतली :) पण अर्धविराम, एक भर. लंडनच्या आवृत्तीत 'मोबी डिक'चा शेवटचा तुकडा, ज्यात इश्माएल वाचतो, तो छापायचाच राहिला. तिथले समीक्षक म्हणाले, सगळे बुडाले तर गोष्ट सांगितली कुणी? एका पानाच्या चुकीने केवढं नुकसान केलं असेल.

गोदीवाला

सगळ्यांचे आभार. प्राजक्त ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी घराचा विचार केलाच नव्हता. माझी बायकोही एकतीस वर्षं रात्रपाळीचे डबे भरत आली, तिला वाचून दाखवला.

मी हा धागा काढला त्याचं खरं कारण आता सांगतो. १८७३ मध्ये त्याच्या मेव्हण्याने, हॉडलीने, सरकारातल्या ओळखीच्या माणसाला एक पत्र लिहिलं. नोकऱ्या राजकारणावर मिळायच्या आणि जायच्या, म्हणून याची जाऊ नये अशी विनंती. त्यात लिहिलंय की आजूबाजूला लाचखोरी बोकाळलेली असताना हा माणूस शांतपणे सगळं बाजूला सारतो. खास कामासाठी देऊ केलेले पैसे शांतपणे नाकारतो. त्याच्या नकळत खिशात कोंबलेले पैसे शांतपणे परत नेऊन देतो. "शांतपणे" हा शब्द त्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो.

खिशात कोंबलेले पैसे म्हणजे काय ते मला माहीत आहे. कप्तानाच्या केबिनमधून बाहेर पडताना कुणीतरी पाठीवर थाप मारतं, मिठी मारतं, आणि शिडी उतरल्यावर कळतं की कोटाच्या खिशात पाकीट आहे. मग पुन्हा शिडी चढायची. वरती गेल्यावर सगळे हसतात. कुणाचा अपमान करायचा नाही, तक्रार करायची नाही, पाकीट टेबलावर ठेवून परत यायचं. माझ्या पहिल्या वर्षी हे झालं तेव्हा परत चढताना पाय कापत होते.

अजून एक. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या धक्क्याजवळ गॅन्सवूर्ट नावाचा रस्ता आणि हॉटेल होतं. नाव त्याच्या आजोबांचं, स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी जनरल पीटर गॅन्सवूर्ट. १८७० मध्ये तो त्या हॉटेलात तंबाखू घ्यायला गेला आणि सहज विचारलं, हे नाव कुणाचं? कुणाला माहीत नव्हतं. एकाने सांगितलं, इथल्या कुणा श्रीमंत घराण्याचं असेल. हे त्याने आईला पत्रात कळवलं, आणि परत धक्क्यावर कामाला गेला.

बॉस्टनकर

गोदीवाला काका, तुमचा शिडीचा परिच्छेद वाचून काय लिहावं सुचेना.

पुढच्या महिन्यात नणंदेकडे न्यूयॉर्कला जातेय. ब्रॉन्क्समध्ये वुडलॉन दफनभूमीत त्याची कबर आहे, लिझीची बाजूलाच. दगडावर एक गुंडाळी कोरलीय, कोरी. लोक तिथे पेनं ठेवून जातात. इथल्या कुणाला काही ठेवायचं असेल तर सांगा.

अर्धविराम

ताई, माझ्याकडून एका चिठ्ठीवर "राहू द्या, नाही करत" एवढंच. खाली साधा_वाचक यांचं नाव.

दर्यावर्दी

माझ्याकडून दोराचा एक तुकडा. तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा, कुरिअरने पाठवतो.

गोदीवाला

माझ्यातर्फे एक पेन ठेवा. साधं, निळ्या शाईचं. मॅनिफेस्टवर बरोबरच्या खुणा करायला आम्ही वापरायचो तसलं. पैसे पाठवतो.

बॉस्टनकर

पैसे नकोत, काका. पेन माझ्या पर्समध्येच आहे.